आधी यंत्र शांत करा
(नव्या मेटल डिटेक्टरची जुळवणी आणि जपणूक : प्रस्तावना)

2 जुलै 1881 रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या गेल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीतून शिरली ती आतच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे अवकाश होता आणि डॉक्टर जखमेत बोटे घालून चाचपत होते. तेव्हा टेलिफोनमुळे नावारूपाला आलेला अलेक्झांडर ग्रॅहम बेल मदतीला धावला. त्याने तारेची वेटोळी अशा बेताने मांडली की एरवी कानाला लावलेला टेलिफोन मुका राहावा आणि धातू जवळ आला की बोलू लागावा. जुनी गोळी अंगात वागवणाऱ्या सैनिकावर त्याने यंत्राची परीक्षाही घेतली होती. पण 26 जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या खोलीत ते नुसतेच खरखरत राहिले. मागाहून उमगले की घाईत कंडेन्सरची जोडणी चुकली होती. 1 ऑगस्टला दुसरी खेप झाली, तेव्हा एका नेमक्या बिंदूऐवजी बऱ्याच रुंद भागावर पुसट आवाज येत राहिला, आणि नंतर कळले की राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. गारफिल्ड 19 सप्टेंबरला वारले. शवविच्छेदनात गोळी डावीकडे खोलवर सापडली. डॉक्टरांनी बेलला शोधायला लावले होते ते उजव्या बाजूला.

या अपयशात गादीचा वाटा किती, हे सांगणे कठीण आहे. खुद्द बेलने तिला फारसा दोष दिला नाही, आणि गोळी होती तितक्या खोलीवर ते यंत्र पोचले असते का, हाही प्रश्नच आहे. तरी मेटल डिटेक्टरवरच्या कोणत्याही पुस्तकाची सुरुवात याच प्रसंगाने व्हावी असे मला वाटते. यंत्राचे तत्त्व बरोबर होते, आजचे बहुतेक डिटेक्टर त्याच तत्त्वावर चालतात. बिघडले ते बाकीचे सगळे : जोडणी चुकली, आजूबाजूच्या धातूची दखल घेतली गेली नाही आणि शोधाची जागा भलतीच निघाली. आज खोक्यातून नवा कोरा डिटेक्टर काढून थेट शेतात किंवा पुळणीवर जाणाऱ्याची तक्रारही याच तीन घरांत बसते. यंत्र उगाच वाजते, खणले तर काही निघत नाही, आणि शेजारचा मात्र स्वस्तातल्या यंत्राने काढून दाखवतो. मग दोष कंपनीवर जातो किंवा नशिबावर.

मेटल डिटेक्टर धातू ‘पाहत’ नाही, ही गोष्ट एकदा मनात पक्की झाली की पुढचे पुष्कळ सोपे होते. जमिनीवरून फिरणाऱ्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, दोन वेटोळी असतात. एकातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो आणि भोवती चुंबकीय क्षेत्र उभे राहते. दुसरे वेटोळे पहिल्यावर अशा नेमक्या जागी बसवलेले असते की एरवी त्याला जवळजवळ काहीच ऐकू येऊ नये. जवळ धातू आला की त्यात भोवरा-प्रवाह उठतात, ते स्वतःचे इवलेसे क्षेत्र तयार करतात आणि दुसऱ्या वेटोळ्याचा तोल जातो. यंत्राला कळते ते एवढेच की तोल गेला. तो नाण्याने गेला, जमिनीतल्या लोहकणांनी गेला, सैल पडून हेलकावणाऱ्या केबलने गेला की खणणाऱ्याच्या बुटातल्या पोलादाने गेला, हे यंत्र स्वतःहून सांगत नाही. आवाज आणि पडद्यावरचे आकडे यांतून आपण त्याचा अंदाज बांधतो. तेव्हा नव्या यंत्राच्या मालकाचे पहिले काम म्हणजे आपल्याकडून आणि आपल्या परिसराकडून जाणारा तोल आधी सावरणे. या पुस्तिकेत जुळवणी आणि जपणूक हे विषय वेगळे ठेवलेले नाहीत, त्याचे कारण हेच. कॉइलच्या कव्हरात अडकलेली वाळू आणि वाजवीपेक्षा वाढवलेली सेन्सिटिव्हिटी या दोन्ही गोष्टी शेवटी कानात एकच खोटा आवाज करतात.

सेन्सिटिव्हिटीपासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत मोठा गैरसमज तिथे आहे. बटण शेवटापर्यंत नेले की यंत्र खोल पाहते, असे जवळजवळ प्रत्येक नव्या मालकाला वाटते. हिशेब वेगळे सांगतो. कॉइलच्या आकाराच्या मानाने लांब असलेल्या छोट्या वस्तूकडे जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरत जाते, आणि तिच्याकडून परतणारा प्रतिसादही तसाच विरतो. दोन्ही मिळून सहावा घात होतो. नाणे 15 सेंटिमीटरऐवजी 30 सेंटिमीटरवर गेले तर परत येणारी खूण ढोबळमानाने चौसष्टपट क्षीण होते. उलट बाजूने पाहिले तर यंत्राची ताकद दुप्पट केली तरी खोली वाढते ती जेमतेम बारा टक्के. नाणे 20 सेंटिमीटरवर सापडत असेल तर आता साडेबावीसच्या आसपास सापडेल. मात्र जमिनीची कुरकुर आणि विजेच्या तारांची गुणगुण यांना सहाव्या घाताचा दंड बसत नाही. ती पुरेपूर दुपटीने वाढतात, आणि त्या गोंगाटात अडीच सेंटिमीटरची कमाई कुठल्या कुठे बुडून जाते. आता हाच हिशेब कॉइलच्या उंचीला लावून पाहा. जमिनीखाली 15 सेंटिमीटरवर नाणे आहे आणि कॉइल जमिनीपासून 5 सेंटिमीटर वर फिरते आहे. ती 2 सेंटिमीटरवर आणली तर अंतर 20 वरून 17 होते आणि खूण अडीचपटीहून अधिक जोरकस होते. एका पैशाचाही खर्च न करता, केवळ मनगट खाली ठेवून! शेजाऱ्याच्या स्वस्त यंत्राचे रहस्य बहुधा इथेच असते : त्याची कॉइल जमिनीला समांतर आणि जमिनीलगत फिरते, झोक्यासारखी दोन्ही टोकांना वर जात नाही.

जमिनीचा प्रश्न मराठी वाचकाला इतरांपेक्षा अधिक जवळचा आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या लाव्हाने बनलेल्या काळ्या पाषाणावर वसला आहे आणि त्या पाषाणात चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण भरलेले आहेत. साधा लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीतून किंवा नाल्याच्या वाळूतून फिरवावा. पिशवीला बाहेरून काळ्या कणांची दाढी चिकटते. ते कण डिटेक्टरलाही दिसतात, आणि आपल्याला दिसतात त्यापेक्षा जास्त दिसतात. कोकणात उतरले की जांभा लागतो. त्यातली लोहसंयुगे काही वेळा याहूनही त्रास देतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू इल्मेनाइटसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथे खाऱ्या पाण्याची भर पडते. ओले मीठ वीज वाहून नेते, त्यामुळे भिजलेली पुळण यंत्राला एका भल्यामोठ्या, पातळ धातूच्या पत्र्यासारखी भासते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या मुलखातली जमीनही अशीच लोहयुक्त आणि त्रासदायक. ॲडलेडच्या मिनलॅब या कंपनीने अनेक फ्रीक्वेन्सी एकाच वेळी वापरणारी आणि पल्स इंडक्शनची यंत्रे विकसित केली, त्यामागे हीच गरज होती. इंग्लंडच्या मऊ, निरुपद्रवी शेतांवर चित्रित झालेले व्हिडिओ पाहून आपल्या मुरमाड माळावर तेच आकडे लावणाऱ्याला यश येत नाही, यात नवल काय?

जमिनीचा हा आवाज यंत्राला ‘ऐकून न ऐकल्यासारखा’ करायला शिकवणे म्हणजे ग्राउंड बॅलन्स. कृती साधी आहे, पण ती घाईत उरकता येत नाही. आधी धातू नसलेली जागा शोधायची, आणि ती शोधायची ती याच यंत्राने चारी बाजूंनी फिरून. मग कॉइल गुडघ्याखाली धरून जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत खाली न्यायची, पुन्हा वर आणायची, न थांबता, एका लयीत. खाली जाताना आवाज चढत असेल तर बॅलन्स एका दिशेला चुकला आहे, वर येताना चढत असेल तर दुसऱ्या. दोन्ही वेळी सूर जवळजवळ सारखा राहिला की जमले. त्याआधी एक काम असते, ते पुष्कळजण गाळतात : कॉइल स्थिर धरून नॉइज कॅन्सल करायचे, म्हणजे यंत्र जवळपासच्या विजेच्या गोंगाटापासून थोडी बाजूला सरकलेली फ्रीक्वेन्सी निवडते. शेतात कृषिपंपाचा स्टार्टर, डोक्यावरून गेलेली विजेची लाइन, खिशातला मोबाइल आणि जवळच फिरणारा दुसरा डिटेक्टर या चौघांपैकी निदान दोघे हमखास हजर असतात. मोबाइल बंद ठेवता येतो, दुसऱ्याला लांब पाठवता येते. लाइनखाली मात्र सेन्सिटिव्हिटी उतरवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तसे करण्यात कमीपणाही नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे, आणि तो अगदीच पोकळ नाही. हल्लीची यंत्रे स्वतःच जमीन ओळखतात, चालत्या पावली बॅलन्स बदलत राहतात, कारखान्यातून आखून आलेले ‘पार्क’, ‘फील्ड’, ‘बीच’ असे कार्यक्रम त्यांत तयार असतात. मग हा सगळा द्राविडी प्राणायाम कशासाठी? खरे सांगायचे तर पहिल्या दिवशी कारखान्याचेच कार्यक्रम वापरावेत. नवख्याने आठ बटणे एकदम फिरवण्यापेक्षा ते कितीतरी बरे. पण स्वयंचलित बॅलन्स म्हणजे सरासरीचा पाठलाग. काळ्या मातीच्या शेतात मध्येच मुरमाचा पट्टा आला, जुन्या चुलीची किंवा वीटभट्टीची भाजलेली माती आली, की तो काही पावले मागे राहतो. भाजल्याने मातीतल्या लोहाचे चुंबकीय गुणधर्म वाढतात, आणि नेमक्या अशाच, जिथे कधी माणसांचा वावर होता अशा जागी तर शोधणाऱ्याला रस असतो. यंत्र आपोआप काय करते आहे हे समजण्यासाठी तेच काम एकदा हाताने करून पाहिलेले असावे लागते. ज्याने मॅन्युअल बॅलन्स कधीच केला नाही, त्याला ऑटो चुकल्याचे कळणार कसे?

डिस्क्रिमिनेशनचा, म्हणजे नको तो धातू गाळण्याचा, मोह याहून मोठा. लोखंड नको, खिळे नकोत, म्हणून नवखा माणूस लोखंडाचा सगळा पट्टा बंद करून टाकतो आणि शांततेला यश समजतो. आपल्याकडे याचा परिणाम गमतीदार होतो. भारताचे एक रुपयाचे नाणे 1992 पासून स्टेनलेस स्टीलचे आहे, तेही चुंबकाला चिकटणाऱ्या जातीचे. दोन रुपयांचे नाणेही पुढे त्याच वाटेने गेले. लोखंड पूर्ण गाळले तर चालू चलनातला रुपया यंत्राच्या लेखी नाहीसा होऊ शकतो, किंवा सपाट लोखंडी वस्तू कधीकधी करतात तसा पार वरच्या टोकाला उडी मारून भलताच आकडा दाखवतो. जुने ॲल्युमिनियमचे पैसे आणि तांब्याचे तुकडे मात्र व्यवस्थित बोलतात. सोन्याची पातळ अंगठी किंवा मंगळसूत्राची वाटी ज्या आकड्यांत येते, त्याच आकड्यांत औषधी गोळ्यांच्या पाकिटाची ॲल्युमिनियम फॉइल येते. फॉइल गाळली की अंगठीही गेली. शिवाय एक मोठा खिळा जवळच्या छोट्या चांगल्या वस्तूचा आवाज झाकून टाकतो, आणि खिळाच ऐकू येईनासा केला तर तिथे काहीतरी झाकले गेले आहे ही शंकासुद्धा येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की आरंभीचे दिवस काहीही न गाळता ऐकावे. त्रास होतो, कान किटतात, पण लोखंडाचा तुटक, खरबरीत सूर आणि तांब्याचा गोल, दोन्ही बाजूंनी सारखा येणारा सूर यांतला फरक पडद्यावरच्या आकड्यापेक्षा कान लवकर शिकतात.

हे शिकण्याची जागा म्हणजे अंगण, परसू किंवा स्वतःच्या शेताचा कोपरा. हातातले घड्याळ, अंगठी, कडे काढून ठेवावे. आधी हवेत, म्हणजे कॉइल लाकडी बाकावर ठेवून, नाणी तिच्यासमोरून फिरवावीत. मग रुपया, जुना पैसा, तांब्याचा तुकडा, एक खिळा आणि बाटलीचे पत्र्याचे बूच अशा वस्तू वेगवेगळ्या खोलीवर पुरून त्यांची जागा आणि खोली वहीत टिपून ठेवावी. हवेतला आकडा आणि मातीतला आकडा जुळत नाही, हे तिथे पहिल्याच दिवशी दिसते. ताज्या उकरलेल्या जागेचा निकाल आणि एक पावसाळा जाऊन माती दबल्यानंतरचा निकाल यांतही फरक पडतो, म्हणून पुरलेल्या वस्तू लगेच काढू नयेत.

आता जपणूक. कॉइल जमिनीलगत फिरली पाहिजे हे वर हिशेबाने दाखवले. जमिनीलगत फिरणारी कॉइल दगडावर घासणार, धसकटात अडकणार, म्हणून तिला खालून प्लॅस्टिकचे कव्हर हवे. कव्हराला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की त्याने तीन मिलिमीटर खोली जाते आणि वजन वाढते. तीन मिलिमीटरने त्या 17 सेंटिमीटरवरच्या नाण्याची खूण सुमारे दहा टक्क्यांनी घटते, हे मान्य. पण कव्हर नसलेला माणूस नवी कॉइल ओरखड्यांपासून वाचवण्यासाठी नकळत पाच सेंटिमीटर वर उचलून चालतो आणि निम्म्याहून जास्त खूण घालवून बसतो. कव्हर असल्यामुळे हात निर्धास्त राहतो, तो त्याचा खरा फायदा. मात्र एक काळजी घ्यावी लागते, आणि ती इतक्या कमी लोकांना माहीत असते की इथे जरा थांबणे भाग आहे. कव्हर आणि कॉइल यांच्या फटीत बारीक वाळू आणि माती साचते. ती आपल्याकडची असेल तर लोहकणांनी भरलेली असते, आणि कॉइलच्या अगदी अंगाला लागून बसलेली असते, जिथे यंत्र सर्वांत संवेदनशील असते. ती ओली असेल तर आत सरकते, घसरते, आणि प्रत्येक झोक्याबरोबर कुरकुर करते. जमीन बदललेली नाही, बॅलन्स केलेला आहे, तरी यंत्र बेचैन आहे, अशा वेळी आधी कव्हर काढून झटकावे. पुळणीवर तर दिवसातून एकदोनदा ते करावेच. काहीजण कव्हराची कड चिकटपट्टीने बंद करतात. त्याने माती आत जात नाही हे खरे, पण शिरलेले पाणी बाहेरही पडत नाही.

केबलचेही तसेच. ती शाफ्टभोवती घट्ट, एकसारख्या वेढ्यांत गुंडाळावी आणि कॉइलजवळ तिला थोडी ढील ठेवावी, म्हणजे कॉइलचा कोन बदलताना ताण येणार नाही. त्या टोकाला वाजवीपेक्षा जास्त लोंबणारी केबल चालताना कॉइलवर हलते आणि तिच्यातल्या तारांमुळे यंत्र उगाच ‘टुक्’ करते. कॉइल ज्या बोल्टने शाफ्टला जोडतात तो मुद्दाम प्लॅस्टिकचा असतो. हरवला म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी बोल्ट बसवणाऱ्याने शोधायच्या आधीच धातू शोधून ठेवलेला असतो. तो बोल्ट पक्कड लावून आवळला तर कॉइलचे कान तडकतात, आणि तडकलेला कान कोणत्याही गोंदाने नीट धरत नाही. रबरी वॉशर जागेवर असावेत, हाताने बसेल तितकेच घट्ट करावे. कनेक्टर जोडण्यापूर्वी यंत्र बंद असावे, खाचेत माती नसावी, आणि तो वाकडा घुसवू नये.

पाण्याच्या बाबतीत जाहिरातीतला एक शब्द पुष्कळांना बुडवतो. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले असते ते अनेकदा फक्त कॉइलबद्दल. गॅरेटच्या एस मालिकेतली यंत्रे घ्या. त्यांची कॉइल पाण्यात चालते, पण वरचा कंट्रोल बॉक्स पावसातसुद्धा झाकून ठेवावा लागतो. मिनलॅबच्या इक्विनॉक्स 800 सारखी पूर्ण यंत्रे 3 मीटरपर्यंत पाण्यात जाऊ शकतात. पण अशा यंत्रांतही झाकणाच्या खाचा नीट बंद असाव्यात, आणि खाचेच्या रबरी कडेवर वाळूचा एखादाच कण बसला असेल तर तोच पाण्याला वाट करून देतो. समुद्रावरून आल्यावर आधी गोड्या पाण्याने धुवावे, पुसावे, सावलीत पूर्ण वाळू द्यावे आणि मगच झाकणे उघडावीत. या क्रमाला महत्त्व आहे. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेतला ओलावा स्वतःच एक शत्रू असतो. ओले यंत्र पिशवीत बंद केले की स्पीकरच्या पडद्याला बुरशी धरते आणि संपर्कबिंदू हिरवे पडतात. साठवताना सिलिका जेलची पुडी आत टाकावी, अल्कलाइन सेल काढूनच ठेवावेत कारण ते गळतात, आणि लिथियम बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवावी. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत यंत्र ठेवणे त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला आणि बॅटरीला दोन्हींना वाईट. बिल, अनुक्रमांक आणि वॉरंटीचा कागद सांभाळावा हे सांगायला नको. पण नामांकित कंपन्यांच्या नकली यंत्रांचा सुळसुळाट असल्याने अनुक्रमांक खरेदीच्याच दिवशी कंपनीकडे नोंदवून घ्यावा.

एवढी काळजी घेत बसले तर वापरायचे कधी, असे म्हणणारेही आहेत. यंत्र वापरण्यासाठीच असते, हे कोण नाकारील? पण चांगले सांभाळलेले यंत्र म्हातारे झाले तरी चालते. ज्याने आपल्या यंत्राचा आवाज ओळखला आहे, त्याला दरवर्षी नवे मॉडेल घ्यावे लागत नाही. 2009 मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या एका शेतात टेरी हर्बर्टला अँग्लो-सॅक्सन काळातला सोन्याचा जो साठा सापडला, त्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली. तो सापडला ते जुन्या यंत्रानेच.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो यंत्राचा नाही, हेतूचा आहे. मार्च 2025 मध्ये ‘छावा’ चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन मोगलांचे सोने शोधायला शेते खणू लागल्याच्या बातम्या आल्या. असे होत असेल तर लोकांना हे यंत्र नीट चालवायला शिकवणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे नव्हे काय? मला उलट वाटते. ज्याचे यंत्र जुळलेले नाही तोच प्रत्येक आवाजावर फावडे मारतो. शंभर खोटे आवाज म्हणजे शंभर खड्डे. शिवाय कायदा स्पष्ट आहे आणि तो वाचल्याशिवाय बॅटरी चार्ज करू नये. 1878 च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे, आणि लपवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. गडकोटांवर डिटेक्टर घेऊन जाण्याचे समर्थन मी करणार नाही, कोणी करू नये. 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांचा मुद्दा तर वेगळा सांगायलाही नको. आपल्या शेतात हरवलेली अंगठी, नांगरटीत पडलेली ट्रॅक्टरची पिन, मातीखाली गेलेले नळाच्या व्हॉल्व्हचे झाकण, मोजणीची लोखंडी खूण : एवढे क्षेत्र इथे पुरेसे मोठे आहे. इंग्लंडमध्ये किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी छंदिष्टांना मोकळीक जास्त आहे, पण तिथेही जमीनमालकाची परवानगी, इंग्लंडचा 1996 चा ट्रेझर ॲक्ट आणि व्हिक्टोरियातला ‘मायनर्स राइट’ परवाना यांची चौकट आहेच.

इंग्लंडचेच एक उदाहरण या बाबतीत मार्गदर्शक ठरावे. नोव्हेंबर 1992 मध्ये सफोक परगण्यातल्या हॉक्सन गावी एरिक लॉज नावाचा निवृत्त माळी निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेला डिटेक्टर घेऊन शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होता. सापडली ती रोमन नाणी आणि चांदीचे चमचे. थोडे बाहेर काढल्यावर त्याने हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. म्हणून सुमारे पंधरा हजार नाण्यांचा तो साठा पुरातत्त्वज्ञांना मूळ मांडणीसह उकरता आला आणि ज्या लाकडी पेटीत तो ठेवला होता तिची रचनाही अभ्यासता आली. हातोडीही सापडली, तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यंत्रावर ताबा असलेल्या माणसाला स्वतःवर ताबा ठेवणेही जमते, असा नियम मी मांडणार नाही, पण दोन्ही सवयी एकाच शिस्तीतून येतात यात मला शंका नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रम या युक्तिवादाप्रमाणेच आहे : आधी नॉइज कॅन्सल आणि ग्राउंड बॅलन्स, मग ऐकण्याचा सराव, मग कॉइल-केबल-बॅटरीची निगा, आणि खणण्याचे तंत्र सर्वांत शेवटी. वाचकाला एकच विनंती आहे की हा क्रम बदलू नये. पहिले प्रकरण वाचताना यंत्र हाताशी असू द्या, मोबाइल घरात ठेवा, आणि अंगणात उतरताना पोलादी टोपीचे सेफ्टी बूट काढून साध्या रबरी चपला घाला.